पुन्हा धावपट्टीवर

इ. स. २०१६ चा ऑगस्ट महिना. दक्षिण अमेरिकेतील ब्राझील देशाच्या रिओ द जानेरो या नगरीत ऑलिंपिक सामने भरले होते. पंधरा तारखेस सकाळी तेथील क्रीडांगणावर महिलांची तीन हजार मीटर अडथळ्यांची शर्यत सुरू झाली. वाटेतील आडवे लाकडी ओंडके आणि पाण्याचा खड्डा ओलांडीत धावावयाची ही शर्यत मोठी दमछाक करणारी असते. तिच्या अंतिम फेरीत सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातील मोही गावची ललिता बाबर धावत होती. माण म्हणजे कायमचा दुष्काळी मुलूख. तेथल्या शेतकऱ्याच्या मुलीने जगातील निवडक धावपटूंच्या पंक्तीस बसावे, ही सामान्य गोष्ट नव्हे. ऑलिंपिकच्या धावपट्टीवर वैयक्तिक शर्यतीची अंतिम फेरी गाठणारी भारतीय स्त्री त्यापूर्वी दिसली होती ती बत्तीस वर्षांमागे, पी. टी. उषेच्या रूपाने. ललितेचा क्रमांक दहावा आला.

दुसऱ्या दिवशी त्याच धावपट्टीवर महिलांची पंधराशे मीटरची शर्यत झाली. त्या अंतराचा जागतिक उच्चांक नावावर असलेली इथिओपियाची गेंझेबे दिबाबा तीत होती, आणि तीच जिंकणार असे पुष्कळांना वाटत होते. पण शेवटच्या फेरीत बावीस वर्षांच्या एका सडपातळ मुलीने तिला मागे टाकले आणि सुवर्णपदक पटकावले. ती मुलगी आफ्रिकेतील केन्या देशाची होती. तिचे नाव फेथ चेपन्गेटिच किप्येगॉन. या पाठात जी हकीकत सांगावयाची आहे, ती हिचीच.

पंधराशे मीटर म्हणजे चारशे मीटरच्या धावपट्टीवर पावणेचार फेऱ्या. शाळेच्या मैदानावर दोनशे मीटरची पट्टी आखली, तर साडेसात फेऱ्या होतील. इतके अंतर धीम्या गतीने पुष्कळांना पळता येईल. पण श्रेष्ठ धावपटू ते चार मिनिटांच्या आत पुरे करतात. ही शर्यत धड लांब पल्ल्याची नव्हे आणि धड वेगाचीही नव्हे. शंभर मीटर पळणाऱ्याची चपळाई आणि कोसच्या कोस पळणाऱ्याचा दम, दोन्ही एकाच अंगी असावे लागतात. आरंभी घाई केली तर अखेरीस पाय जड होतात, आणि आरंभी फार राखून ठेवले तर पुढचे हाती लागत नाहीत. म्हणून ही शर्यत पायांइतकीच डोक्यानेही धावावी लागते.

फेथचा जन्म १० जानेवारी १९९४ रोजी केन्याच्या डोंगराळ भागात झाला. घर शेतकऱ्याचे. नऊ भावंडांत ती आठवी. शाळेला जाणे-येणे पायी, आणि पुष्कळदा पळतच. मुखेड परिसरातल्या वाड्या-तांड्यांवरून बालाघाटाच्या टेकड्या उतरून शाळेत येणाऱ्या मुलांना यात नवल वाटणार नाही. सकाळची घंटा चुकू नये म्हणून दप्तर काखोटीला मारून पळणे त्यांच्याही अंगवळणी पडलेले असते. फेथने ते पळणे सोडले नाही, एवढेच. इ. स. २०१० साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, पोलंड देशात भरलेल्या जागतिक क्रॉसकंट्री सामन्यांत ती लहान गटात अनवाणी धावली आणि चौथी आली. क्रॉसकंट्री म्हणजे आखीव पट्टी सोडून माळरान, चढउतार आणि चिखल यांतून धावणे. पुढल्याच वर्षी स्पेनमध्ये याच सामन्यांत तिने सुवर्णपदक मिळविले. त्यानंतर रिओचे ऑलिंपिक, आणि २०१७ साली लंडन येथे जागतिक अजिंक्यपद. तेवीस वर्षांच्या वयात या शर्यतीतील सर्वांत मोठे दोन मान तिच्यापाशी होते.

अशा ऐन भराच्या वेळी तिने धावणे थांबविले. तिला आई व्हावयाचे होते. तिचे पती टिमोथी किटुम हेही धावपटूच. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आठशे मीटर शर्यतीत त्यांनी कांस्यपदक मिळविले होते. जून २०१८ मध्ये या दांपत्याला कन्या झाली.

आज ही गोष्ट सरळ वाटते. पण स्त्रियांनी लांब धावावे की नाही, याचाच निर्णय होण्यास जगाला किती वर्षे लागली, हे पाहिले म्हणजे आश्चर्य वाटते. १९२८ साली ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये स्त्रियांसाठी आठशे मीटरची शर्यत प्रथम ठेवण्यात आली. शर्यतीनंतर काही मुली दमून गेल्या, तेव्हा एवढे अंतर स्त्रीच्या शरीराला झेपणार नाही असा गिल्ला झाला आणि ती शर्यतच बंद करण्यात आली. शर्यतीच्या शेवटी पुरुषही दमून आडवे होतात, हे त्या वेळी कोणी लक्षात घेतले नाही. ही शर्यत पुन्हा सुरू होण्यास १९६० साल उजाडावे लागले. पंधराशे मीटरची शर्यत स्त्रियांना १९७२ मध्ये मिळाली आणि मॅरेथॉन तर १९८४ मध्ये. ज्या जगात नुसत्या धावण्याला इतकी आडकाठी, तेथे बाळंतपणानंतर धावण्याचा विचार कोण करणार? मूल झाले की खेळ संपला, अशीच समजूत रूढ होती. केवळ खेडवळ लोकांची नव्हे, तर मोठमोठ्या क्रीडातज्ज्ञांचीही.

या समजुतीला छेद देणाऱ्या स्त्रिया मात्र अधूनमधून निघत गेल्या. हॉलंडची फॅनी ब्लँकर्स-कोएन १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला गेली तेव्हा तिशीची होती आणि दोन मुलांची आई होती. तिने चार सुवर्णपदके जिंकली. ती जवळच्या पल्ल्याची धावपटू. लांब पल्ल्यात असेच नाव सांगावयाचे तर नॉर्वेच्या इंग्रिड क्रिस्टियानसेन हिचे. १९८३ च्या वसंत ऋतूत ती क्रॉसकंट्रीच्या जागतिक सामन्यात मागे पडली. आपण गर्भवती आहोत हे तिला तेव्हा ठाऊकच नव्हते. ऑगस्टमध्ये तिला मुलगा झाला, आणि पाच महिन्यांनी, जानेवारी १९८४ मध्ये, तिने अमेरिकेतील ह्यूस्टनची मॅरेथॉन जिंकली. पुढच्या वर्षी लंडनमध्ये तिने २ तास २१ मिनिटे ६ सेकंद असा जागतिक उच्चांक केला. तो तेरा वर्षे कोणाला मोडता आला नाही.

आपल्या उषेचेही उदाहरण आहेच. १९८४ च्या ऑलिंपिकमध्ये चारशे मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत एका सेकंदाच्या शंभराव्या भागाने तिचे कांस्यपदक हुकले, हे सर्वांना माहीत असते. परंतु पुत्रजन्मानंतर ती पुन्हा मैदानात उतरली आणि १९९८ साली, चौतिसाव्या वर्षी, जपानमधील फुकुओका येथील आशियाई स्पर्धेत दोनशे व चारशे मीटरमध्ये कांस्यपदके घेऊन आली, हे फार थोडे सांगतात. खरे तर हाही पराक्रम पहिल्याइतकाच सांगण्याजोगा आहे.

बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असे आपल्याकडील जुनी माणसे म्हणतात. त्यात अतिशयोक्ती फारशी नाही. गर्भारपणात स्त्रीच्या शरीरातील रक्ताचे प्रमाण जवळजवळ दीडपट होते. हृदयाला अधिक काम करावे लागते. सांध्यांना बांधून ठेवणारे स्नायुबंध सैल होतात. पोटाचे स्नायू ताणले जाऊन दोन बाजूंना सरकतात. धावपटूचा कणा आणि कंबर स्थिर ठेवण्याचे काम याच स्नायूंचे असते. ते दुबळे असताना वेगाने धावल्यास गुडघे, कंबर आणि पाऊल यांना इजा होण्याचा संभव असतो. शिवाय बाळाला अंगावर पाजणाऱ्या आईला रोज सुमारे पाचशे कॅलरी इतके अधिक अन्न लागते. रात्रीची झोप तर बाळाच्या मर्जीवर. आपल्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना विश्रांती देण्याची, डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर खाऊ घालण्याची चाल आहे. तिच्यामागे हाच अनुभव असावा. त्यानंतरही डॉक्टर लगेच पळावयास सांगत नाहीत. आधी चालणे, मग चालता चालता थोडे पळणे, मग सलग पळणे, आणि वेगाचे पळणे सर्वांत शेवटी. जी स्त्री काही महिन्यांपूर्वी जगात सर्वांच्या पुढे होती, तिला या पायऱ्या अगदी पहिलीपासून चढावयाच्या असतात. नवशिकीला आपण किती मागे आहोत हे ठाऊक नसते. अजिंक्यवीराला ते पावलोपावली ठाऊक असते, आणि कठीण जाते ते हेच.

दुसरी अडचण पैशाची. धावपटूंचा उदरनिर्वाह बहुधा बूट व कपडे तयार करणाऱ्या कंपन्यांशी झालेल्या करारांवर चालतो. धावणे थांबले की पैसाही आटतो. गर्भवती झालेल्या खेळाडूंचे मानधन कमी केले जाते, ही तक्रार २०१९ मध्ये अमेरिकेतील काही धावपटूंनी उघडपणे मांडली. त्यांत सहा ऑलिंपिक सुवर्णपदके मिळविलेली आणि नुकतीच आई झालेली ॲलिसन फेलिक्स होती. त्यानंतर काही कंपन्यांना आपल्या करारांत आईच्या रजेची तरतूद करणे भाग पडले. मुले होणे हा अपघात नव्हे की आजार नव्हे, हे करारात लिहून घ्यावे लागले, यातच सर्व आले.

आता फेथकडे वळू. मातृत्वानंतर ती पॅट्रिक सांग या प्रशिक्षकांच्या संघात दाखल झाली. सांग यांनी स्वतः १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये अडथळ्यांच्या तीन हजार मीटर शर्यतीत रौप्यपदक मिळविले होते. मॅरेथॉनचा सुप्रसिद्ध धावपटू एलियुड किपचोगे हाही त्यांचाच शिष्य. त्यांचे शिबिर कप्तागात या गावी आहे. हे ठिकाण समुद्रसपाटीपासून सुमारे चोवीसशे मीटर उंच आहे. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई. त्याची उंची १६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहूनही साडेसातशे मीटर वर ही मंडळी रोज धावतात. तेथे हवा विरळ असल्याने श्वासागणिक प्राणवायू कमी मिळतो. ती उणीव भरून काढण्यासाठी शरीर रक्तातील तांबड्या पेशी वाढविते, आणि मग सखल प्रदेशातील शर्यतीत त्यांचा लाभ होतो. शिबिरातील राहणी साधी. झाडलोट आणि इतर कामे पाळीपाळीने सर्वांनी करावयाची. जगज्जेता किपचोगेही त्यातून सुटत नसे. आठवडाभर शिबिरात राहावे, आणि शनिवारची लांब धाव आटोपली की घरी जाऊन सोमवारी परतावे, असा तेथला शिरस्ता.

हा शिरस्ता फेथला सर्वांत जड गेला असल्यास नवल नाही. घरी तान्ही लेक, आणि आई डोंगरात धावते आहे! ऊसतोडीला किंवा बांधकामाला परगावी जाणाऱ्या आयांची मुले आजी-आजोबांपाशी वाढतात, हे मुखेड-कंधारच्या बाजूला घरोघर पाहावयास मिळते. ताटातूट दोन्हीकडे सारखीच. मात्र फेथने ती स्वतःहून पत्करली होती, आणि मागे लेकराला सांभाळणारे घर होते, हा फरक विसरता येणार नाही.

३० जून २०१९ रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात, स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मैदानावर, ती पुन्हा पंधराशे मीटरच्या रेषेवर उभी राहिली. कन्या वर्षाची झाली होती. शेजारी ब्रिटनची लॉरा म्यूर होती, जी या काळात एकही हंगाम न चुकविता धावत आली होती. अटीतटीची शर्यत झाली. फेथ ३ मिनिटे ५९.०४ सेकंदांत पहिली आली. म्यूर अर्ध्या सेकंदाहूनही कमी अंतराने मागे राहिली.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कतार देशातील दोहा येथे जागतिक स्पर्धा झाली. तेथे मात्र हॉलंडच्या सिफान हसनने तिला स्पष्टपणे हरविले. फेथला रौप्यपदक मिळाले. परंतु तिची वेळ होती ३ मिनिटे ५४.२२ सेकंद, म्हणजे आई होण्यापूर्वीच्या तिच्या सर्वोत्तम वेळेपेक्षा दोन सेकंदांहून अधिक चांगली! हरताना ती पूर्वीपेक्षा वेगाने धावली होती. जाणकारांनी तिकडे लक्ष दिले असावे.

दोन वर्षांनी, ६ ऑगस्ट २०२१ रोजी, टोकियो ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत हसन आणि फेथ पुन्हा समोरासमोर आल्या. हसन पुढे, फेथ तिच्या मागे सावलीसारखी. शेवटच्या दोनशे मीटरमध्ये फेथने पाऊल उचलले आणि ती पुढे गेली ती गेलीच. ३ मिनिटे ५३.११ सेकंद. १९८८ पासून अबाधित असलेला ऑलिंपिक उच्चांक मोडला. म्यूर दुसरी, हसन तिसरी.

पुढे २०२३ साली तर तिने कमालच केली. २ जून रोजी इटलीतील फ्लॉरेन्स येथे तिने पंधराशे मीटर ३ मिनिटे ४९.११ सेकंदांत पुरे करून गेंझेबे दिबाबाचा जागतिक उच्चांक मोडला. तीन मिनिटे पन्नास सेकंदांच्या आत येणारी ती पहिली स्त्री ठरली. एका आठवड्याने पॅरिसमध्ये, क्वचितच धावलेल्या पाच हजार मीटरच्या शर्यतीत, तिने दुसरा उच्चांक केला. ज्या लेतेसेन्बेत गिदेचा उच्चांक मोडला, ती त्याच शर्यतीत दुसरी आली. तिने फेथला मिठी मारली. २१ जुलैला मोनॅको येथे एक मैलाचा उच्चांक तिने साडेचार सेकंदांहून अधिक फरकाने खाली आणला. पन्नास दिवसांत तीन उच्चांक!

बाळंतपणामुळे वेग वाढतो, असा अर्थ यावरून कोणी काढू नये. याच वर्षांत धावण्याचे बूट पुष्कळ सुधारले. धावपट्टीच्या कडेला उच्चांकाची गती दाखवीत सरकणारे दिवे आले. त्यांचा लाभ तिला मिळाला, तसाच तिच्या प्रतिस्पर्ध्यांनाही. प्रशिक्षक बदलले, वय परिपक्व झाले, याचाही वाटा आहेच. शिवाय प्रत्येक आईचे शरीर निराळे असते. कित्येक चांगल्या खेळाडू प्रयत्न करूनही परत येऊ शकल्या नाहीत, त्यात त्यांचा काही दोष नव्हता. मात्र आई झाल्यावर वेग जातोच, हे म्हणणे फेथनंतर कोणाला करता येणार नाही.

२०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये तिच्यावर एक विचित्र प्रसंग आला. पाच हजार मीटरच्या शर्यतीत ती दुसरी आली, पण वाटेत एका प्रतिस्पर्धिनीशी धक्काबुक्की झाली, या कारणाने पंचांनी तिला बाद केले. केन्याने दाद मागितली, तेव्हा काही वेळाने निर्णय फिरला आणि रौप्यपदक तिला परत मिळाले. पाच दिवसांनी, १० ऑगस्टला, ती पंधराशे मीटरसाठी उतरली. ३ मिनिटे ५१.२९ सेकंदांत ती पहिली आली आणि तिने स्वतःचाच ऑलिंपिक उच्चांक मोडला. या शर्यतीत लागोपाठ तीन ऑलिंपिक सुवर्णपदके मिळविणारी ती पहिलीच स्त्री. रिओचे पदक कुमारवय नुकतेच ओलांडलेल्या मुलीचे. पुढची दोन्ही एका आईची.

१९५४ साली इंग्लंडच्या रॉजर बॅनिस्टरने एक मैल अंतर चार मिनिटांच्या आत धावून दाखविले. त्यापूर्वी मनुष्याला ते शक्य नाही, असे म्हणणारे बरेच होते. कोणा स्त्रीने मात्र ते केले नव्हते. २६ जून २०२५ रोजी पॅरिसमध्ये फेथने तो प्रयत्न केला. वारा अडविण्यासाठी तिच्या पुढेमागे धावपटू ठेवले होते, त्यांत पुरुषही होते. म्हणून ती वेळ उच्चांक म्हणून धरावयाची नाही, हे आधीच ठरलेले होते. तीन फेऱ्यांपर्यंत आशा होती. मग पाय जड झाले. शेवटची रेषा तिने ४ मिनिटे ६ सेकंदांहून थोड्या अधिक वेळात ओलांडली आणि ती धावपट्टीवर कोसळली.

नऊ दिवसांनी, ५ जुलैला, ती अमेरिकेतील यूजीन येथे पंधराशे मीटरच्या रेषेवर हजर होती. त्या दिवशी घड्याळाने दाखविले ३ मिनिटे ४८.६८ सेकंद. हा आणखी एक जागतिक उच्चांक. आई होण्यापूर्वीची तिची सर्वोत्तम वेळ ३ मिनिटे ५६.४१ सेकंद होती. दोहोंतील अंतर पावणेआठ सेकंदांचे. त्या वेगाने पावणेआठ सेकंदांत सुमारे पन्नास मीटर जमीन मागे पडते, म्हणजे खो-खोची जवळजवळ दोन मैदाने. २०१६ ची ऑलिंपिक विजेती फेथ आणि २०२५ ची ही फेथ एकाच शर्यतीत धावल्या असत्या, तर सात वर्षांच्या मुलीची आई रेषा ओलांडीत असताना ती तरुण विजेती अजून सुमारे पन्नास मीटर मागे धावत येताना दिसली असती.